कडं गळालेलं अक्षर

आमच्या नावातल्या एका अक्षराच्या डोक्यावर
बारीक कडं असतं.
ईमेलच्या पत्त्यात ते घेत नाहीत.
मी कडं काढून टाकलं आणि मोकळा झालो;
दुसऱ्या होवर त्वाइटने
ते अक्षर दोनदा लिहिलं असणार.

तिचं पत्र आलं मंगळवारी,
क्रिस्टियानसुंदकडे परतणाऱ्या शेवटच्या फेरीवर.
डेकवर दोन ट्रक, एक रिकामी स्कूलबस.
हातमोजा दातांनी ओढून मी फोन उघडला.

'होवर,
बाबांनी तुझी होडी विकलेली नाही.
मी खोटं सांगितलं. तेव्हा राग होता.
शेडमध्ये पालथी आहे, दर वसंतात डांबर लावायचे,
आता हात कापतात, म्हणून मी लावते.
तुझं नाव ते काढत नाहीत.
चौथी खुर्ची मात्र कुणाला हलवू देत नाहीत.
आलास तर पुढची बेल वाजवू नकोस,
नर्स आली असं वाटून ते झोपेचं सोंग घेतात.
स्वयंपाकघराच्या दाराने ये.
सिनोव्हे'

मी तीनदा वाचलं.
पहिल्यांदा चुकून,
दुसऱ्यांदा, खरंच चुकून आलंय ना, ते बघायला.
तिसऱ्यांदाचं कारण मला सांगता येत नाही.
धक्का आला, रॅम्प उतरवायला उशीर झाला,
ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

घरी जाऊन लिहिलं:
'मी तो होवर नव्हे. पत्र चुकून आलं. वाचलेलं नाही.'

लगेच उत्तर. इतक्या रात्री जागी होती.
'वाचलं नाहीत,
तर तो तुम्ही नव्हे हे कसं कळलं?'

पाठवणाऱ्याचं नाव बघून, असं म्हणता आलं असतं.
म्हटलं नाही.

मग कुणी न सांगता
ते अक्षर दोनदा टाइप केलं
आणि तिचं पत्र तिकडे ढकललं.
तिनेही पाठवलं असेलच. असू दे.
परत आलं नाही, म्हणजे पत्ता आहे.
पत्त्यावर माणूस आहे का,
ते पत्त्याला विचारून कळत नाही.

परवा सकाळच्या फेरीत
एक जण गाडीतून उतरलाच नाही,
सगळे वर कॉफीला गेले तरी.
काच अर्धी खाली, हात स्टिअरिंगवर,
मागच्या सीटवर डांबराचा नवा डबा,
पट्टा लावून बसवलेला.

मी तिकीट तपासलं.
नाव विचारायची आम्हाला मुभा नाही.

रॅम्प त्या दिवशी
जरा लवकरच उतरवला.