एकवीस नंबर

ढासळलेल्या कमानीचे दगड
उतारावरून गोळा करून
आम्ही ओळीनं मांडले कुसळी गवतात.
प्रत्येकावर गेरूनं आकडा, एक ते एक्केचाळीस.
वही माझ्याकडे.
हजेरी माणसांचीही, दगडांचीही.

खाली घाणीत चुना फिरतोय अकरा दिवस,
गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी.
तिमाण्णा धोत्रे बोटांत चोळून बघतो,
म्हणतो, "कच्चाय अजून."
दहिवडीच्या ठेकेदारानं सिमेंटचं नाव काढलं
तेव्हा तो नुसता हसला.
"सिमेंट घाई करतंय. दगडाला घाई न्हाई."

सहलीला आलेली पोरं विचारतात, गड बांधला कुणी?
मी तीन राजवटी सांगतो,
वेढा किती महिने, तोफ कुठल्या टेकाडावरनं.
तिमाण्णा एक दगड पालथा करतो.
पोटावर त्रिकोण, त्रिकोणात टिंब.
"ह्येनं."
नाव नाही. मजुरी मोजायची खूण.

एकवीस मात्र सापडत नव्हता.
कमानीच्या डोक्यावरचा, कळीचा.
टाक्याचा गाळ उपसला:
बाटल्या, एक पायताण, हिरव्या बांगडीचा तुकडा,
आणि एक बेडूक, जो आमच्यावर भयंकर रागावलेला.
दगड नाही.

रविवारी घरी गेलो.
आई परसात धुणं आपटत होती.
कितीतरी वर्षं बघत होतो तो दगड,
त्या दिवशी त्याची कड बघितली.
पाचरीसारखी. वर रुंद, खाली निमुळती.
बहात्तरच्या दुष्काळात
गडाच्या दगडांवर बंधारे झाले, गोठे झाले,
त्यातलाच एक आबांनी खांद्यावर आणला होता,
लग्नाच्या वर्षी. आईसाठी.

पहारीनं उलथला.
गांडुळं, ओली माती, आणि त्रिकोण.
आई म्हणाली, "ने की.
पर आधी दुसरा आणून ठेव."

बसला. चुना पिऊन घट्ट बसला.
फक्त दर्शनी बाजूला खळगा आहे,
तळहाताएवढा, गुळगुळीत.
तिमाण्णानं तो भरू दिला नाही.

खात्याच्या तक्त्यात एक रकाना असतो:
झीज, आणि तिचं कारण.
इतरांपुढे मी लिहिलं होतं
तोफगोळा, वीज, पिंपळाचं मूळ.
एकवीसपुढे लिहिलं: धुणं.
साहेबांनी लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलंय.

आई आता सिमेंटच्या ओट्यावर धुते.
कपडे निघतात, म्हणते,
आवाज तसा येत नाही.