कागदाची माणसं

ऑक्टोबर. वूच शहरातली जुनी सूतगिरणी, तिसरा मजला,
भिंतींना अजून यंत्रतेलाचा वास.
पहिल्या वर्षाची सतरा मुलं
आपापली कलादालनं घेऊन आलीत
तळहातांवर, जपून,
भट्टीतून आत्ताच निघालेल्या पावासारखी.

पांढऱ्या भिंती. पांढरी जमीन. वर उजेडासाठी एक फट.
आणि आत, प्रत्येक मॉडेलमध्ये, तोच उभा:
कागदाचा माणूस,
एकास पन्नासच्या मापात साडेतीन सेंटिमीटर,
सडपातळ, हात मोकळे.
त्याला कधी लघवीला लागत नाही.
त्याचा कोट कधी ओला नसतो.

मी टेबलांमधून फिरले,
चिमट्याने सतराही जण उचलले
आणि काडेपेटीत भरले.
म्हटलं, आता ज्यांना ओळखता त्यांना कापा.

यागनाने मावशी कापली, खुब्याचा सांधा बदललेली.
लुडविकाने जुळ्यांची गाडी, दारात अडकणारी.
ओल्गेर्डने धाकटा भाऊ कापला,
जो कुठल्याही नव्या खोलीत शिरला
की आधी कोपरा शोधतो.
तिमोनचा कागद कोराच.
"माझ्या ओळखीचं कुणी
चित्रं बघायला जात नाही," म्हणाला.

वीस वर्षं शिकवतेय.
याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
गुरुवारी त्याला पालिकेच्या कलादालनात धाडला,
दुसऱ्या हॉलमध्ये, राखणदार गेनोव्हेफाबाईंकडे.
काही काढू नकोस. दिवसभर नुसता बस.

तो परतला चौकटीच्या कागदाची चार पानं घेऊन,
पेन्सिलीने भरलेली:

*बाईंची खुर्ची आराखड्यात नाहीच.
त्यांनी ती घरून आणलीय, स्वयंपाकघरातली,
पायांना जुन्या टोपीचे तुकडे बांधून, करकरू नये म्हणून.
दार उघडलं की वारा थेट घोट्यांवर.
लोक दोनच गोष्टी विचारतात,
दुसरी: बाहेर कुठून पडायचं.
लहान मुलं हीटरची जाळी बघतात,
त्यांच्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं.*

*एक आजोबा दर गुरुवारी येतात.
एकच चित्र, एक होडी, पाणी फारसं नाही.
सहा मिनिटं उभे राहतात, मग डावा गुडघा थरथरतो.
सातव्या मिनिटाला घटकाभर टेकतात भिंतीला,
आणि घंटा वाजते.
आजोबा भिंतीची माफी मागतात.*

*हल्ली ते आले की बाई घंटा बंद ठेवतात.
हे लिहू नकोस म्हणाल्या.*

वाचून झाल्यावर तिमोनने विचारलं,
"तो हॉल काढला तरी कुणी?"

खाली ट्राम वळत होती, लांबलचक किरकिरत.
मी तिला पूर्ण वळू दिलं.
"मी," म्हटलं. "तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.
बक्षीस मिळालं होतं.
फोटोवाला सबंध सकाळ थांबून होता,
हॉलमधलं शेवटचं माणूस
बाहेर पडेपर्यंत."

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

नोव्हेंबरात त्याचं नवं मॉडेल आलं.
ओबडधोबड. डिंकाचे ओघळ, एक भिंत वाकडी.
दाराकडे पाठ करून एक खुर्ची,
तीवर बसवलेली कागदी बाई
गुडघ्यात तीनदा दुमडून फाटलेली, चिकटपट्टीने सांधलेली.
आणि होडीच्या चित्रासमोर, चार पावलांवर,
लाकडाची एक अरुंद फळी,
बसायला फार उंच,
टेकायला बरोबर.

मी तिच्यावरून बोट फिरवलं.
"उंची किती धरलीस?"

"आजोबांच्या कोटाच्या शेवटच्या बटणाइतकी.
सेंटिमीटर
गुरुवारी सांगतो."