पोच

गुलटेकडीला मुथाशेठच्या ऑफिसात
पहिल्या दिवशी बिल्टीबुक हातात दिलं,
शब्द कुणी शिकवले नाहीत.
लिहिता लिहिता येतात, म्हणाले.

आले.

भरती म्हणजे इथे समुद्र नाही, पोलीसही नाही;
साडेनऊ टन गूळ, वर ताडपत्री,
आणि पलीकडून फेकलेली दोरी झेलणारा पोरगा.
वराई कुणी द्यायची ते रोज भांडून ठरतं,
अर्थ मात्र तुळशीराम हमालालाही सांगता येईना,
तीस वर्षं घेतोय. ‘वराई ती वराई,’ म्हणाला,
आणि पोतं उचललं.

हाल्टिंग म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे.
कळलं त्या संध्याकाळी घरी जाताना
मी मनात आईचं बिल करायला घेतलं.
बावीस वर्षं, आंबेगावची खोली.
दर ठरेना. सोडून दिलं.

खाली मात्र आधीच येत होता.
सहावीत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला
हुबळीहून, खरखरत: गाडी खाली झाली.
दुकानदाराने पोराकरवी निरोप धाडला,
पोराने वाटेत एकच शब्द बदलला:
‘काकू, गाडी खाली गेली.’
आईने कढई उतरवली, स्टोव्ह विझवला
आणि घाटांची नावं घेऊ लागली,
खंबाटकी, तवंदी, पुढचे तिला येत नव्हते.
रात्री बाबांचा पुन्हा फोन, हसू आवरत नाही:
अगं, रिकामी झाली, माल उतरला!
आई हसली नाही.
तेव्हापासून आमच्याकडे डबासुद्धा
खाली होत नाही. संपतो.

न्यूट्रल.
नव्या बोगद्यातून सुटलं की नवले पुलापर्यंत उतारच.
गिअर काढला की दोन-तीन लिटर डिझेल वाचतं,
वाचलेलं ज्याचं त्याचं.
त्याचे किती होतात हे मला तोंडपाठ आहे.
ब्रेक तापले की काय होतं, तेही;
त्या बिल्ट्यांची पोच येत नाही.
माझ्या कपाटात अशा दोन आहेत.
तळाशी बारीक छापलंय: माल मालकाच्या जोखमीवर.
ड्रायव्हरपुढे फक्त लायसन्स नंबरचा रकाना.

आणि पोच म्हणजे बिल्टीची गुलाबी प्रत,
पलीकडचा सही-शिक्का घेऊन परत आलेली.
ती टेबलावर पडली की बाकी भाडं सुटतं.
बहुतेक घामाने मऊ झालेली असते,
एकीवर चहाच्या ग्लासाचं गोल,
एकीच्या मागे कुणीतरी बोटभर हिशेब मांडून
खोडलेला.

बाबा आता गाडीवर नाहीत.
शुगर, आणि क्लचने खाल्लेला डावा गुडघा.
रात्री खिडकीशी बसतात. बायपासवर गाडी उतरते,
ते नुसत्या आवाजावर सांगतात, ‘तिसऱ्यात आहे,’
किंवा ‘लोड आहे, पण माणूस जुना.’
कधी काहीच बोलत नाहीत.
इंजिनचा आवाजच नसतो, नुसता टायरांचा.

मग आई ओट्यापाशी भांडं हातात धरून थांबते.
‘पोचली का?’

‘पोचली,’ म्हणतात ते,
ऐकू आलेलं असो, नसो.