खाल्ल्या मिठाला

गॅरेजच्या दारात ऑरिन खुर्ची टाकून बसतो,
गुडघ्यांवर घोंगडी.
त्याचा उजवा हात हल्ली स्वतःच्याच तालात हलतो,
म्हणून हातोडा माझ्याकडे.

नोव्हा स्कोशियात एप्रिल म्हणजे
रस्त्यावरचं मीठ संपतं आणि समुद्राचं सुरू होतं.
चार महिने चाकांनी उडवलेलं,
मग उतारावरून बोट पाण्यात सोडताना
ट्रकचं ढुंगण लाटांत.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
लोखंड नाही जागत.
ते मीठ खातं, मग मीठ त्याला.

आमचं आडनाव झिंक. म्हणजे जस्त.
जस्ताच्या घरात गंज, हा विनोद गावात
ऑरिनच्या आजोबांपासून चालू आहे.

ट्रकच्या मागचा चौकोनी नळा, नळ्यात दांडा, दांड्यावर गोळा,
तिन्ही आता एकच होऊन बसलेत,
विटकरी, खवल्याखवल्यांचे,
दातखीळ बसल्यासारखे.
मागून जाताना माझी नडगी दर वेळी तिथेच आपटते.
"हिवाळ्यात काढून ठेवत जा," मी म्हणायचे.
"लागतो तो," तो म्हणायचा.
कशाला, ते कधी सांगितलं नाही.

सोमवारी फटीफटीत तेल सोडलं.
मंगळवारी पुन्हा.
"घाई नको, लिओटा. तेलाला आत शिरायला रात्र लागते."
लग्नाला एकोणतीस वर्षं झाली,
इतकं धीराचं वाक्य मी त्याच्या तोंडून
पहिल्यांदा ऐकलं.

बुधवारी खीळ निघाली. दांडा नाही.
"दांड्याला नको मारूस, नळ्याला हादरे दे,
वरून, बाजूने, हं, आता खालून."
शेवटी साखळी स्प्रूसच्या बुंध्याला बांधली,
ट्रक पहिल्या गिअरमध्ये,
आणि जुनी दाढ उपटावी तसा आवाज.
नळ्यातून ओंजळभर लाल भुगा पडला, वाळू,
आणि एक शिंपला. अख्खा. मिटलेला.

मग तारेचा ब्रश.
पापुद्रे उडत गेले, खालून लोखंड दिसलं,
राखाडी, भांबावलेलं.
त्यावर बाटलीतलं दुधाळ औषध फासलं
की तांबूस जागा जांभळी होते, मग काळी.
"मरत नाही तो," ऑरिन म्हणाला,
"नुसता शहाणा होतो."
वीस मिनिटं आम्ही दोघं ते काळं होणं बघत बसलो.
टीव्हीपेक्षा बरं.

गोळा शेवटी, मोठ्या पान्याने सोडवून.
गोळ्याला रंग नसतो, फक्त ग्रीस.
माथा घासता घासता कोरलेले आकडे वर आले.
थुंकी लावून पुसले, अंगठ्याने वाचले:
एक पूर्णांक सात अष्टमांश.

ट्रेलरच्या कपाळावर दोन इंच लिहिलंय.

एकोणीस वर्षं
वळणावर मागून खडखड यायची.
मी म्हणायचे, काहीतरी सैल आहे.
तो म्हणायचा, रस्ता वाईट आहे.
मागच्या सीटवर झोपलेली मुलं,
चर्चचा उतार, नोव्हेंबरातला पहिला बर्फ,
आणि बोट,
सगळं एका अष्टमांश इंचाच्या पोकळीवर.

मी बोलले नाही. गोळा त्याच्या हातात दिला.
त्याने तो उलटसुलट केला, आकड्यांवर बोट फिरवलं,
आणि हात थरथरला तसा गोळा
खुर्चीच्या पत्र्याला लागून वाजू लागला.
ओळखीचा आवाज. दोघांच्याही.

"रस्ता वाईट होता," तो म्हणाला.

दांडा वर्तमानपत्रावर वाळतोय, दुसरा हात झाला.
नळ्याला प्लास्टिकचं टोपण बसवलं.
ट्रकमध्ये गोड्या पाण्याचा कॅन कायमचा ठेवलाय,
समुद्रातून वर आलं की आधी धुवायचं, मग घरी.
शनिवारी नवा गोळा आणायला जाऊ.
तो गाडीतच बसेल.
आकडा मी वाचेन,
चष्मा लावून, दोनदा.