घट

भुसावळला, यावल रोडच्या बर्फ कारखान्यात
अकरा वर्षं मी वही लिहिली.
आवक : पाणी. जावक : बर्फ.
आणि उजवीकडच्या अरुंद रकान्यात, लाल शाईनं,
घट.

पत्र्याचे उभट डबे, माझ्या कमरेच्या जरा वर.
लुकमान तडवी नळी धरून उभा राहायचा
आणि काठाच्या चार बोटं खाली पाणी तोडायचा.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा मापात मारतोय.
शेठच्या कानावर घालायचंही ठरवलं होतं.
त्यानं ते ओळखलं असावं.
"ताई, त्याले फुगाले जागा पाह्यजे ना.
काठोकाठ भरलं त कुबड येतं त्याले."

मी मुद्दाम दोनदा वजन केलं.
संध्याकाळी पाणी, एकशे तीस किलो.
दुसऱ्या संध्याकाळी बर्फ, एकशे तीस किलो.
पावशेर इकडे नाही, तिकडे नाही,
आणि ती चार बोटं मात्र भरलेली.
कशानं?

थंडीत सगळं आकसतं.
रूळ आकसतात, हे या गावात शाळेआधी कळतं.
माणूस गुडघे पोटाशी घेतो.
पाणी तेवढं
खाऱ्या हौदात, अमोनियाच्या वासात,
रात्रभर हातपाय ताणून झोपतं
आणि तेवढ्याच वजनात
जास्त जागा मागतं.

एकदा लादी आकड्यातून निसटली,
कोमट पाण्याच्या टाकीत पडली. धपकन.
बुडाली असं म्हणेपर्यंत वर आली,
पाठ थोडी बाहेर, बाकी सगळी आत,
म्हशीसारखी.
जी उचलायला दोन माणसं दम खायची
ती मी एका बोटानं
पलीकडच्या काठाला लावली.
वजन कुठं गेलं?
कुठंच नाही. पाण्यानं धरलं होतं.
वहीत अशा धरण्याला रकाना नव्हता.

मग ती मे महिन्यातली पैज.
लाइट गेलेली, पारा सत्तेचाळीसवर,
सावद्याचा एक केळीवाला, प्रल्हादशेठ, बर्फ न्यायला आलेला.
लुकमाननं पेला ठेवला पेपरवर,
त्यात बर्फाचा खडा, मग काठापर्यंत पाणी.
खडा बोटभर वर डोकावत होता.
"हे वरचं विरघळलं की सांडणार," केळीवाला म्हणाला.
"नाही सांडत," लुकमान म्हणाला.
हरेल त्यानं भरीत घालायचं, कळण्याच्या भाकरीसकट.

आम्ही पाच जण एका पेल्याकडे बघत बसलो.
बाहेर मालगाडी गेली, पाणी शहारलं, सांडलं नाही.
खडा बदामाएवढा झाला, मग तिळाएवढा,
मग आम्ही ज्याच्याकडे बघत होतो ते नव्हतंच.
"पेपर ओला झालाय बघ!" केळीवाला ओरडला.
खरंच झाला होता. पेल्याच्या बुडाशी गोल डाग.
भांडण पेटलं. भरिताची वांगी कोण आणणार इथपर्यंत गेलं.
लुकमाननं गमछानं पेला बाहेरून पुसला,
काठावरून बोट फिरवलं,
बोट कोरडं.
"हा त्याचा घाम हाय, शेठ. आतलं नाही.
बर्फानं जेवढी जागा अडवली व्हती
तेवढंच पानी झालं त्याचं."

लुकमान गेला तो पौषात, पालच्या बाजूला, त्याच्या पाड्यावर.
कारखान्यात निरोप दोन दिवसांनी आला.
नवा माणूस नळीवर उभा राहिला,
गाड्या भरल्या, मासळीवाले भोई आले,
लग्नाच्या ऑर्डरी लागल्या.
पातळी तीच. कुठं काही उणं नाही.

त्या दिवशी मी सगळे आकडे नीट लिहिले.
घटीच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
काय लिहायचं सुचेना, म्हणून वही मिटली.
उचलली तेव्हा दिसलं,
वहीखालचा पेपर ओला होता.
एवढ्या थंडीत
घामाचं काही कारण नव्हतं.