पक्का काळा

नवतपा लागलेला.
दुपारी दोनला गोळीबार चौकात कुत्रंसुद्धा फिरकेना,
आणि लावण्यानं माझा पाण्याचा पेला उचलला.
विचारलं नाही.

टीपकागदाची बोटभर पट्टी,
खाली पेन्सिलची रेघ
(“पेन्सिलच पाहिजे आई, ती पाण्यात पळत नाही”),
रेघेवर काळ्या स्केचपेनचा ठिपका, तिळाएवढा.
पट्टी चिमट्यात, चिमटा पेल्यावर आडवा,
कागदाचं नुसतं टोक पाण्यात.
“आता हात नको लावू बाप्पा कोणी!”

पट्टी हलते म्हणून कूलर बंद.
आम्ही तिघं घामानं निथळत
एका ठिपक्यासमोर बसलो,
मेडिकलमध्ये नंबरची वाट बघत बसावं तसे.

पाणी चढलं.
काळ्याच्या काठाला आधी जांभळट काही सुटलं,
मग गुलाबी, पिवळ्याची एक पुसट कड,
आणि सगळ्यांच्या पुढे निळा,
बस सुटत असल्यासारखा.
मागे रेघेवर काहीच उरलं नाही.
“म्हणजे काळा नव्हताच,” लावण्या म्हणाली.
दुसरा पेन. तिसरा. तेच.

हे उठले.
एकोणीस वर्षं ह्यांनी सूत काळं केलं.
उकळत्या हौदातून लड हिरवट निघायची,
वाऱ्यावर धरली की काळी व्हायची,
नखं मात्र आपोआप.
रंगखातं बंद पडलं तेव्हा दोन महिन्यांचा पगार बुडाला
आणि एक लड घरी आली.
ती अजून कपाटात, माझ्या शालूच्या खाली.

त्यातला एक धागा काढला,
मला सुई मागितली,
पेन्सिलच्या रेघेवर एकच टाका घातला, गाठ मारली.
“आता हे लाव.”

पाणी आलं. टाक्याखालून गेलं,
वर गेलं, चिमट्यापर्यंत गेलं.
टाका ओला झाला.
एवढंच.

ह्यांनी कूलर सुरू केला
आणि कितीतरी दिवसांनी पाय लांब करून बसले.

लावण्या वहीत लिहीत होती:
नमुना चार, सुती धागा. हलला नाही. कारण,
आणि पेन थांबला.
“लिही ना, पक्का रंग.”
“पक्का हे कारण नाही होत, बाबा.
उद्या सॅनिटायझरमध्ये टाकून बघते.
काही रंग पाण्यात नाही सुटत, त्यात सुटतात.”
“टाक ना,” हे म्हणाले. “कोण नाही म्हणून राहिलं.”

रात्री पाणी प्यायला उठले.
दोरीवर चार पट्ट्या वाळत होत्या,
तीन रंगलेल्या, एक कोरी, मधे काळा टाका.
सॅनिटायझरची बाटली जागेवर नव्हती.
सापडली ती पार वर,
पंचांगाच्या मागे, जिथे लावण्याचा हात पुरत नाही.

मी ती तिथेच राहू दिली.
पेला घासला. काठावरची निळी रेघ
दोनदा घासल्यावर गेली.