समास

भूगोलाच्या वहीत, उजव्या कोपऱ्यात
मी आमचं घर काढलं होतं,
पान एक ते पान ब्याण्णव.
अंगठ्याने भरभर सोडलं
की काका उलटा चालत जिना उतरायचा.

खरा काकाही उलटाच चालतो.
डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं होतं, पंधरा दिवस.
त्याला झाली सात वर्षं.
म्हणतो, आलेला रस्ता दिसत राहतो, बरं वाटतं.
धायरी फाट्यावरचे रिक्षावाले
त्याला पाठीवरून ओळखतात.

आई रात्री अकरानंतर अख्ख्या बी विंगचे मिक्सर उघडते,
विचारते त्यांना, "एवढा का घुसमटलास रे?"
बाबा डेपोत हिशेब लिहितात,
लग्नसराईत ट्रॉम्बोन,
सराव न्हाणीघरात, कारण तिथं सूर परत येतो.
आणि निनाद, पाचवीतला, बोलतो लिफ्टच्या आवाजात.
"कृपया आमटी वाढा."
"आई. चौथा मजला. आई."

मग नोटीस आली.
बी-४०२, रणपिसे यांस:
आदर्श विंग स्पर्धेचे परीक्षक रविवारी येत आहेत.
तरी कुटुंबीयांनी सर्वसाधारण दिसावे.
खाली सही, चिटणीस उपळेकर,
सहीखाली दोन रेघा.

शनिवारी तालीम.
काकाला हाताला धरून सरळ चालवलं,
तो टेबलावर आदळला.
"समोरचं सगळं अंगावर येतं गं," म्हणाला.
बाबांनी ट्रॉम्बोन गोधडीत गुंडाळून
पलंगाखाली सरकवला, आजारी माणसासारखा.
आई सोफ्यावर बसली
आणि हात कुठे ठेवायचे ते तिला आठवेना.
निनाद म्हणाला, "माझं नाव निनाद. मी पाचवीत आहे."
इतकं नीट म्हणाला
की आई उठून स्वयंपाकघरात गेली,
नळ सोडून उभी राहिली.

रविवारी दोघे आले, फाइल घेऊन.
चार बिस्किटं खाल्ली, एक खिशात घातलं.
उत्तम, असं लिहिलं.

सोमवारीही आम्ही तसेच राहिलो.
मंगळवारीही.
कुणी सांगितलं नव्हतं थांबा म्हणून.
भात ताटात पडल्याचा आवाज यायचा.

बुधवारी रात्री साडेअकराला बेल.
खालच्या तारकुंडे बाई,
ट्रॉम्बोनविरुद्ध अकरा तक्रारी, सगळ्या शाईने लिहिलेल्या.
गाऊनवर शाल, केस सुटलेले.
म्हणाल्या, "कोणी गेलं का हो तुमच्यात?"
कुणीच काही बोललं नाही.
"नाही, तीन रात्री झोप नाही.
वर काही वाजेचना. म्हटलं, बघून यावं."

काका त्यांना वाट द्यायला एक पाऊल मागे सरला.
मग आणखी एक.
मग त्याच्या पायांना आठवलं,
आणि तो तसाच, मागे मागे, मागे मागे,
पार ओट्यापर्यंत जाऊन पोचला,
हसत.

"कृपया दार बंद करा," निनाद म्हणाला.
बाईंनी केलं. आत येऊन.
बाबा पलंगाखाली वाकले.

प्रशस्तिपत्रक खाली मीटरच्या खोलीत आहे,
त्यात उपळेकरांनी फ्यूजची तार गुंडाळून ठेवलीय.
(त्यांचा मिक्सर सध्या आमच्याकडे.)

वही तपासून आली परवा.
भूगोलाच्या बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं,
"समास मोकळा सोडावा."
मी बघितलं:
कोपरा मी दिला होता त्यापेक्षा
बराच मळलेला होता.